डोम्बुर्गचे खांब

हेगच्या कुन्स्टम्युझियममध्ये मी शिरलो तो एकच चित्र बघायला, आणि तेही त्याच्या किमतीपायी. लेक म्हणाली होती, "बाबा, ते आठ कोटी गिल्डरचं चित्र तेवढं बघून या. १९९८ साली ते विकत घेतलं तेव्हा इथे केवढा गहजब झाला होता म्हणे." लेक डेल्फ्टला राहते. तिथून ट्राममध्ये बसलं की अर्ध्या-पाऊण तासात हेग. बत्तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला सकाळच्या वेळात दुसरं काम तरी काय असणार?

चित्र होतं पीट मोंद्रियानचं 'व्हिक्टरी बूगी वूगी'. चौकोनी कॅनव्हास कोपऱ्यावर उभा केलेला, आपल्या पतंगासारखा. त्यावर लाल, पिवळे, निळे, पांढरे, करडे तुकडे, चौकातल्या रहदारीसारखे दाटीवाटीने. जवळ गेलो आणि गंमत दिसली. कित्येक तुकडे रंगाचे नव्हतेच, रंगीत चिकटपट्टीचे आणि कागदाचे होते. कुठे पट्टीची कड उचललेली, कुठे एकावर दुसरी. पट्ट्या लावायच्या, बघायचं, काढायच्या, सरकवायच्या, आणि मन भरलं की मग रंग भरायचा, अशी त्याची पद्धत. १ फेब्रुवारी १९४४ला न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने तो गेला आणि पट्ट्या जागच्या जागी राहिल्या. कच्च्या खर्ड्यासकट टांगलेलं आठ कोटींचं चित्र मी पहिल्यांदाच बघत होतो. इंटरमिजिएटच्या परीक्षेत मुलांनी पेन्सिलीच्या रेषा खोडल्या नाहीत म्हणून मी किती गुण कापले असतील, ते आठवून जरा ओशाळलो.

बाहेर पडायचा रस्ता शोधताना चुकलो. बेर्लाखे या वास्तुकाराची ती पिवळ्या विटांची इमारत १९३५मध्ये उघडली. ती बघायला बेर्लाखे उरला नाही, तो आदल्याच वर्षी वारला. माणसाला दालनांतून हळूहळू फिरवत न्यावं अशीच ती रचलेली आहे. फिरत फिरत मी अशा एका चित्रापुढे आलो की नाव वाचून पुन्हा चित्राकडे पाहिलं. तीन उभे, माणसाच्या उंचीचे फलक. तिन्हींत एकेक विवस्त्र बाई, सरळ ताठ, सगळी निळी-हिरवी. डावीकडची डोळे मिटून, खांद्यांशी दोन लाल फुलं. उजवीकडचीही डोळे मिटून, पण फुलांच्या जागी सहा कोनांचे तारे. मधली जरा वर टांगलेली, डोळे टक्क उघडे, मागून पांढरा प्रकाश. नाव 'उत्क्रांती', साल १९११. चित्रकार पीट मोंद्रियान.

मी डावीकडून मध्ये आणि मधून उजवीकडे बघत होतो. तिथल्या एका वयस्क मदतनीस बाईंनी बोटानेच दुरुस्ती केली: आधी डावी, मग उजवी, शेवटी मधली. देहात अडकलेली, आत वळलेली, आणि मग जागी झालेली. असा क्रम लावला की कोडं सुटतं. आणि तीच या चित्राची अडचण आहे. कोडं सुटलं की बघायला फारसं उरत नाही. मला विचाराल तर हे चित्र फसलेलं आहे. शरीरं लाकडी, फुलं आणि तारे पाटी लावल्यासारखे. देवादिकांच्या कॅलेंडरात लक्ष्मीच्या हातातून नाणी पडतात, ती बघून आपल्याला कळतं की ही लक्ष्मी. इथे तारे बघून कळतं की आत्मा वर चाललाय.

पण ते तारे मला ओळखीचे होते, त्यामुळे पाय निघेना.

माझं बालपण गिरगावात गेलं. न्यूयॉर्कमध्ये १८७५मध्ये थिऑसॉफिकल सोसायटी काढणाऱ्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९मध्ये मुंबई बंदरात उतरले आणि बिऱ्हाड केलं ते गिरगावात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक मुंबईतूनच निघालं. १८८२च्या डिसेंबरात मंडळी मद्रासजवळच्या अड्यारला गेली. कर्म, पुनर्जन्म, आत्म्याचा पायरीपायरीने होणारा प्रवास, असं आपल्याकडचं बरंचसं सामान त्यांनी आपल्या पद्धतीने बांधून युरोपात पोचवलं. सोसायटीच्या मुद्रेत तो षट्कोनी तारा आहे, एक त्रिकोण वर टोक केलेला, दुसरा खाली. मोंद्रियान मे १९०९मध्ये तिच्या हॉलंडमधल्या शाखेचा सभासद झाला. म्हणजे चित्रातल्या बाईच्या खांद्यावरचे तारे गिरगावावरून वळसा घालून आलेले. अभिमान वाटावा असं चित्र मात्र नाही, हे पुन्हा सांगतो.

प्रश्न वेगळाच होता. 'उत्क्रांती' काढणारा हात दहाएक वर्षांत काळ्या रेषा आणि तीन रंग एवढ्यावर आला कसा? पुस्तकांत एका वाक्यात उरकतात: प्रतीकवादाकडून घनवादाकडे, घनवादाकडून अमूर्ताकडे. शाळेत मीही असंच उरकलंय. आता वेळ होता, जावयाने घेऊन दिलेला रेल्वेचा पास होता. म्हटलं, माग काढू.

आमर्सफोर्टला पाऊस होता. तिथला पाऊस आपल्यासारखा वरून पडत नाही, बाजूने येतो. छत्री पहिल्याच पुलावर उलटी झाली. कालव्याच्या काठी, कोर्टेग्राख्टवर, एका प्रोटेस्टंट शाळेला लागून मुख्याध्यापकांचं घर. त्या घरात ७ मार्च १८७२ला पीट जन्मला. वडील कर्मठ कॅल्व्हिनपंथी, शाळा चालवणारे आणि स्वतः हौसेने चित्रं काढणारे. आता तिथे छोटंसं संग्रहालय आहे आणि त्यावर कडी म्हणजे त्याच्या पॅरिसच्या खोलीची हुबेहूब प्रतिकृती आहे. पांढऱ्या-करड्या भिंती, त्यांवर लाल-निळ्या-पिवळ्या पुठ्ठ्यांचे आयत टाचलेले. खोलीच चित्र होती. त्या मूळ खोलीचा आंद्रे कर्तेशने १९२६मध्ये फोटो काढला. त्यात दाराशी फुलदाणीत एक खोटं ट्यूलिप दिसतं. त्याचं पानसुद्धा मोंद्रियानने पांढरं रंगवून टाकलं होतं, म्हणतात, हिरवा नको म्हणून.

पाऊस थांबेपर्यंत जुन्या मनोऱ्याखाली उभा राहिलो. ९८ मीटर उंच मनोरा, पण त्याला देऊळ नाही. १७८७मध्ये आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि चर्च गेलं, मनोरा राहिला. गेलेल्या चर्चच्या भिंती कुठून कुठे होत्या ते चौकातल्या फरशीत आखून दाखवलंय. आणि हॉलंडचे नकाशे ज्या उभ्या-आडव्या जाळीवर आखतात, त्या जाळीचा आरंभबिंदू हाच मनोरा. उभ्या-आडव्या रेषांवर आयुष्य घालवणारा माणूस नेमका या गावात जन्मावा, हा निव्वळ योगायोग. कुणी त्यातून अर्थ काढू नये, पण ड्रॉइंगच्या मास्तराला हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

पीट आठ वर्षांचा असताना कुटुंब विंटर्सवाइकला गेलं, जर्मनीच्या सीमेजवळ. मी तिथे गेलो नाही. तिथे फ्रित्स नावाचे चित्रकार काका सुट्टीत येत आणि पुतण्याला घेऊन उघड्यावर निसर्गचित्रं करत. १८८९ आणि १८९२मध्ये पीटने ड्रॉइंग शिक्षकाच्या दोन परीक्षा दिल्या, आधी प्राथमिक शाळेची, मग माध्यमिकची. हे वाचल्यावर तो मला एकदम आपल्यातला वाटला. मग अॅम्स्टरडॅमची कला अकादमी, आणि पुढची पंधराएक वर्षं गायरानं, पवनचक्क्या, नदीकाठची झाडं. चांगली चित्रं आहेत. तशी चांगली चित्रं तेव्हा हॉलंडात पुष्कळजण काढत होते.

झाडांसाठी पुन्हा हेगला गेलो. त्याची जवळजवळ तीनशे कामं त्या एका संग्रहालयात आहेत, आणि त्यांतली बरीचशी सालोमन स्लाइपर नावाच्या एका गिऱ्हाइकामुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लारेन गावात दोघांची ओळख झाली. स्लाइपरने त्याची जुनी, कुणाला नको असलेली चित्रं गठ्ठ्याने घेतली आणि १९७१मध्ये मृत्युपत्राने संग्रहालयाला दिली. मोंद्रियान अमूर्ताकडे निघून गेला तरी स्लाइपर मात्र झाडांपाशीच थांबला. रेषांची चित्रं त्याला रुचली नाहीत. अशा हट्टी गिऱ्हाइकांमुळेच आपल्याला वाट दिसते.

तीन झाडं बघायची. पहिलं 'लाल झाड', १९०८ ते १० मधलं. एका बाजूला कललेलं सफरचंदाचं निष्पर्ण झाड, निळ्या संध्याकाळीत लालभडक. फांद्या नसांसारख्या. हे अजून बोलणारं झाड आहे, म्हणजे लाल कशाचं आणि निळं कशाचं हे विचारता येतं. दुसरं 'करडं झाड', १९११. झाडाची ठेवण साधारण तीच, रंग गेलेला. त्याच्या अगदी जवळ, राखणदार खाकरेपर्यंत, उभा राहिलो. फांद्यांमधलं आभाळ त्याने फांदीइतक्याच जाड रंगाने भरलंय, आणि कुंचल्याचा फटकारा फांदीच्या वळणाने फिरलाय. आम्ही मुलांना शिकवतो, आधी आकाश भरा, वाळू द्या, मग त्यावर झाड. इथे आधी आणि नंतर नाही. आभाळ फांद्यांना आत ढकलतंय, फांद्या आभाळाला बाहेर. तिसरं 'फुललेलं सफरचंदाचं झाड', १९१२. नाव सांगितलं नाही तर झाड ओळखू येणार नाही. लांबट डोळ्यांसारख्या फटी, कमानीत कमानी. आणि गुलाबी फूल एकही नाही. बहर आहे तो कमानींच्या दाटीत.

पहिल्या आणि तिसऱ्या झाडाच्या मधे काय घडलं ते ठाऊक आहे. ऑक्टोबर १९११मध्ये अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात त्याने पिकासो आणि ब्राक या घनवाद्यांची चित्रं पाहिली आणि महिन्या-दोन महिन्यांत बाडबिस्तरा उचलून पॅरिस गाठलं. वय एकोणचाळीस. वाटेत आडनावातला एक 'a' टाकून दिला. पण घनवादाने त्याला दिलं ते व्याकरण. बोलायचं काय होतं ते त्याच्यापाशी आधीपासून होतं, 'उत्क्रांती'तल्या बाईंइतकंच निखळ आणि भाबडं: वरवर दिसतं त्यामागे एक व्यवस्था आहे. आधी त्यासाठी त्याने तारे रंगवले. तारे खोटे पडले. झाडापाशी त्याला वाटलं असावं की ही गोष्ट पाटी न लावताही दाखवता येईल.

मग डोम्बुर्ग. मिडलबर्गपर्यंत आगगाडी, तिथून अर्धा तास बस, वाल्खेरेनच्या सपाट शेतांतून. गाव एवढंसं, जुनं समुद्रस्नानाचं ठिकाण, पूर्वीपासून श्रीमंतांनी हवापालटाला येण्याचं. बेकरीत 'बोलुस' नावाचा पदार्थ मिळतो, दालचिनी आणि काळपट साखरेत लोळवलेला पाव. हात चिकट होतात, चव गुळाच्या काकवीची. १९०८मध्ये मोंद्रियान इथे पहिल्यांदा आला. यान तोरोप आधीपासून इथला. तोरोप म्हणजे हॉलंडमधल्या प्रतीकवाद्यांचा म्होरक्या, जन्म जावातला. त्याच्याभोवती उन्हाळ्यात चित्रकारांचा मेळा जमे. १९११पासून ते इथे एका लाकडी मांडवात प्रदर्शन भरवू लागले. तो मांडव पुढे वादळात गेला, आता तशीच इमारत बांधून तिथे संग्रहालय केलंय. गावातलं चर्च, शेजारच्या वेस्टकापेलेचा दीपस्तंभ, वाळूच्या टेकड्या, हे सगळं मोंद्रियानने रंगवलं. दीपस्तंभ मुळात चर्चचाच मनोरा. तो त्याने गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांत उभा केला, खालून वर बघत, देवळाच्या शिखराकडे बघावं तसा.

वाळूच्या टेकडीवर जिना चढून जावं लागतं, आणि वर पोचेपर्यंत समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. वर आलो. खाली किनारा, पलीकडे उत्तर समुद्र, कोकणच्या समुद्राशी त्याचं काही नातं नाही. शिशाच्या रंगाचा, माड नाही, डोंगर नाही, बंदर नाही. एक आडवी रेघ, बस्स. आणि त्या आडव्या रेघेकडे किनाऱ्यापासून काटकोनात निघालेल्या लाकडी खांबांच्या दुहेरी रांगा. हे लाटा मोडायला रोवलेले ओंडके, वाळू वाहून जाऊ नये म्हणून. ठरावीक अंतरावर रांग, पुन्हा रांग. शिंपले आणि हिरवट शेवाळ लागलेले, काहींच्या डोक्यांवर समुद्रपक्षी बसलेले.

१९१४च्या उन्हाळ्यात मोंद्रियान पॅरिसहून वडिलांना भेटायला म्हणून आला. वडील आजारी होते. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. पाच वर्षं तो मायदेशी अडकला. त्या अडकलेपणात तो डोम्बुर्गला येऊन या खांबांपुढे बसला आणि कोळशाने रेखाटनं केली. पुस्तकात त्यांना 'धक्का आणि समुद्र' म्हणतात. धक्का म्हणताच मला बोटीचा धक्का वाटला होता, भाऊच्या धक्क्यासारखा. तसं काही नाही. धक्का म्हणजे हीच खांबांची रांग.

त्यातून १९१५मध्ये जे मोठं चित्र झालं, 'रचना १०', ते इथे नाही, ओटर्लोच्या क्रॉलर-म्युलर संग्रहालयात आहे. ते मी आधी पाहिलं होतं आणि चक्क पुढे गेलो होतो. पांढरट जमिनीवर काळ्या, आखूड, उभ्या-आडव्या काड्या, काही एकमेकींना छेदून अधिक चिन्हासारख्या, काही नुसत्याच. सगळ्यांची मिळून एक लंबगोल दाटी. मुलांच्या गणिताच्या वहीसारखं. फक्त खाली मध्यभागी उभ्या काड्या जरा जास्त लांब आहेत. तेव्हा ते लक्षात आलं नव्हतं.

टेकडीवर बसलो, वही काढली. स्मरणचित्राचा तास घेताना मी मुलांना सांगायचो, डोळे मिटा आणि जे राहील तेवढंच काढा. इथे उघड्या डोळ्यांनीच तशी पाळी आली. लाट काढायला घ्यावी तर ती गेलेली असते. तिचा आकार हाती लागत नाही. हाती लागतं ते एवढंच: चमकेची एक आडवी चीर, क्षणभर, आणि शेजारी दुसरी. खांबाचं प्रतिबिंब पाण्यात सलग पडत नाही, तुकड्यांनी पडतं. एक उभा तुकडा, मधे आडवी चीर, पुन्हा उभा तुकडा. दहा मिनिटांनी वहीत बघतो तर काय, नुसत्या काड्या. मी अमूर्त वगैरे काही करत नव्हतो. मी दिसतं तसं काढत होतो, शाळामास्तराच्या इमानाने.

याचा अर्थ मोंद्रियानने दिसलं तसं काढलं, असंही मला म्हणायचं नाही. त्याच्या डोक्यात उभी रेघ म्हणजे चैतन्य, आडवी म्हणजे जड, उभी पुरुष, आडवी स्त्री, हे थिऑसफीतून आलेलं सगळं होतंच. आपल्याकडे सांख्यवाल्यांनी पुरुष-प्रकृतीचं जोडपं फार आधी लावून ठेवलंय, त्यामुळे मराठी माणसाला यात बिचकण्यासारखं काही नाही. फरक इतकाच की 'उत्क्रांती'त कल्पना आधी आली आणि चित्राला तिची हमाली करावी लागली. इथे समुद्रच उभा-आडवा होता. कल्पनेला बसायला जागा मिळाली, आणि तिने तोंड बंद ठेवलं.

पुढची वाट भराभर गेली. लारेनमध्ये बार्ट फान डेर लेक भेटला, सपाट शुद्ध रंग लावणारा. ऑक्टोबर १९१७मध्ये टेओ फान डूसबुर्गने 'डे स्टाइल' मासिक काढलं आणि मोंद्रियान त्यात लेखांवर लेख लिहू लागला, वाचवत नाहीत इतके जड. १९१९मध्ये पॅरिसला परतला, १९२१पर्यंत काळ्या रेषा आणि लाल-पिवळे-निळे आयत जागेवर आले होते. त्या वर्षी त्याने आपली पुस्तिका थिऑसफीतून फुटून निघालेल्या रुडॉल्फ श्टाइनरला पाठवली, ही कला तुमच्यासारख्यांसाठीच आहे अशा अर्थाचं पत्र लिहून. उत्तर आलं नाही. ज्यांच्या विचारातून हे उगवलं त्यांना ते ओळखू आलं नाही. पोटासाठी त्या वर्षांत तो फुलांची जलरंगातली चित्रं काढून विकत होता. हिरव्या पानांसकट.

हेगमधल्या १९२१च्या लाल आयताच्या चित्रापुढे उभा राहिलो तेव्हा एक गोष्ट पाहून ठेवली होती, ती डोम्बुर्गला उलगडली. छापील प्रतींत त्याच्या रेषा फूटपट्टीने मारल्यासारख्या दिसतात. समोर तसं नसतं. पांढरं एक नसतं, निळसर, करडं, पिवळट असं तीन-चार तऱ्हेचं असतं, त्यावर कुंचल्याचे माग असतात. आणि त्या सुमाराच्या काही चित्रांत काळी रेघ कॅनव्हासच्या कडेपर्यंत जात नाही, बोटभर आधी थांबते. चुकलं म्हणून मी मनात लाल पेनने गोल केला होता.

दुपारी खाली किनाऱ्यावर उतरलो. भरती आली. खांबांची रांग पुढच्या टोकाकडून एकेक करून बुडायला लागली. सगळ्यात लांबचा खांब, मग त्याच्या अलीकडचा. पाणी गेलं की तो पुन्हा अर्धा दिसे, पुन्हा बुडे. रांग पाण्याखाली पुढे जात होती, पण माझी रेघ कुठे थांबवायची हे दर लाटेला बदलत होतं. मी चारदा खोडलं. पाचव्यांदा खोडलं नाही, आधीच्याच्या शेजारी आखूड रेघ मारली. तेवढ्यात बुटांत पाणी शिरलं, आणि मिडलबर्गची बस अकरा मिनिटांत होती.